मार्चअखेर ग्रॅच्युइटी व्हॅल्युएशन: कामगार संहितेनंतर साखर कारखान्याने ॲक्च्युअरीला नेमकं काय पाठवायचं?

कृष्णाकाठ_हिशोब

सांगली जिल्ह्यातला एक सहकारी साखर कारखाना, नाव विचारू नका. मार्च २०२६ अखेरचा ताळेबंद बांधायचाय. कायम कामगार, हंगामी कायम, शिवाय डिस्टिलरीत मुदतीच्या करारावर घेतलेली काही मुलं, असा मामला आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता लागू झाल्यात, म्हणून लेखापरीक्षकांनी सांगितलंय की ग्रॅच्युइटीचं व्हॅल्युएशन (पुढे द्याव्या लागणाऱ्या ग्रॅच्युइटीचं आजचं देणं काढणं) नव्या वेतन व्याख्येवर करून आणा. संचालक मंडळात कुणीतरी पुडी सोडली आहे की देणं दीडपट होणार. विमा कंपनीची गटयोजना आहे, तिची हप्त्याची नोटीस हाताशी आहे.

प्रश्न असे:
१) ५० टक्क्यांचा नियम आम्हाला कितपत लागतो?
२) हंगामी लोकांचं काय?
३) विमा कंपनीची नोटीस असताना वेगळा ॲक्च्युअरी (भविष्यातल्या देण्याचं गणित करणारा तज्ज्ञ) लागतो का?
४) माहितीचा तक्ता कसा बनवायचा?

पीयूसी_पद्धत

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्याचाच बाऊ झालाय. संहितेत वेतन म्हणजे मूळ पगार, महागाई भत्ता आणि रिटेनिंग अलाउन्स (हंगाम बंद असताना हंगामी माणसाला मिळणारा भत्ता). घरभाडे, प्रवास भत्ता, ओव्हरटाइम, कमिशन, बोनस, मालकाची पीएफ वर्गणी वगैरे गोष्टी वगळलेल्या. पण या वगळलेल्या बाबींची बेरीज एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त झाली, तर जेवढी जास्त तेवढी परत वेतनात धरायची.

आकड्यात बघा. मूळ ११,००० + महागाई ३,००० = १४,०००. घरभाडे ९,०००, प्रवास ५,०००, कमिशन ४,३२०, मालकाचा पीएफ १,६८०, म्हणजे वगळलेलं झालं २०,०००. एकूण ३४,०००, निम्मे १७,०००. जादा ३,००० वेतनात आले, वेतन झालं १७,०००. ग्रॅच्युइटी म्हणजे दर वर्षाच्या सेवेला १५ दिवसांचं वेतन, महिना २६ दिवसांचा धरून; वीस वर्षं सेवा असेल तर जुनी ग्रॅच्युइटी १४,००० × १५/२६ × २० = १,६१,५३८ आणि नवी १,९६,१५४. साडेचौतीस हजारांचा फरक, एका माणसामागे.

हा पगार कुपवाड किंवा मिरज एमआयडीसीतल्या खाजगी कंपनीचा शोभतो. साखर कारखान्यात त्रिपक्षीय करारातल्या (सरकार, कारखाने आणि कामगार संघटना यांच्यातल्या) वेतनश्रेणीत मूळ आणि महागाई मिळूनच निम्म्याच्या वर असतात. तिथे ५० टक्क्यांची चाचणी लावली तरी सहसा काहीच परत येत नाही. दीडपटवाल्यांना सांगा, आधी पगारपत्रक उघडा.

तुमचा आकडा हलेल तो चार ठिकाणांहून: हंगामी लोक, मुदतीचे लोक, रजा आणि गृहीतकं.

कुपवाड_फौंड्री

मध्येच विचारतो. आमच्याकडे पगारात ‘स्पेशल अलाउन्स’ म्हणून मोठी रक्कम आहे. ती वगळलेल्या यादीत धरायची ना?

पीयूसी_पद्धत

नाही. वगळलेली यादी ठरलेली आहे आणि तीत स्पेशल अलाउन्स हे नाव नाही. ५० टक्क्यांच्या चाचणीच्या आधीच तो पूर्ण वेतनात येतो. बहुतेक जण इथेच गफलत करतात: मूळ पगार एकूण पगाराच्या निम्मा करून ठेवला की सुटलो असं धरतात आणि स्पेशल अलाउन्स बाहेर ठेवतात. खर्चाच्या भरपाईपोटी दिलेली रक्कम वेगळी, पण त्याला कामाच्या स्वरूपाचा आणि खर्चाचा पुरावा लागतो. भत्त्याचं नाव बदलून भागत नाही.

सहकार_ऑडिट_मिरज

कारखान्यांसाठी एक इशारा. वगळलेल्या यादीत ‘निवाडा किंवा समझोत्याखाली देय मोबदला’ असंही एक कलम आहे. त्याचा आधार घेऊन काही सल्लागार म्हणतात की त्रिपक्षीय करारातला सगळा पगारच वगळता येईल. मूळ आणि महागाई व्याख्येच्या पहिल्याच ओळीत नावानिशी घेतलेले आहेत, ते या पळवाटेने बाहेर कसे जातील? कुणी असं सुचवलंच तर वकिलाचं लेखी मत मागा. लेखी द्यायची वेळ आली की हे म्हणणं बहुधा मागे पडतं.

हंगाम_नि_हिशोब

हंगामीचं मी सांगतो, कारण बाहेरचे ॲक्च्युअरी इथेच चुकतात आणि त्यात दोष आपल्या तक्त्याचा असतो.

हंगामी आस्थापनेतल्या हंगामी कामगाराला दर हंगामाला ७ दिवसांचं वेतन. १५ नव्हे. म्हणजे तक्त्यात त्याच्यासाठी ‘सेवेची वर्षं’ हा रकाना अपुरा आहे, ‘हंगामांची संख्या’ हवी. ज्या हंगामात माणूस पुरेसे दिवस कामावर नव्हता तो हंगाम धरायचा की नाही, हे हजेरीवरून ठरतं: हंगामी आस्थापनेत कारखाना जितके दिवस चालला त्याच्या ७५ टक्के दिवस काम झालं की ती सेवा सलग मानतात. गाळप कमी दिवस चाललेल्या वर्षी हा हिशोब त्याच वर्षाच्या चालू दिवसांवर करायचा, नेहमीच्या दिवसांवर नाही.

दुसरं, रिटेनिंग अलाउन्स. १९७२ च्या जुन्या ग्रॅच्युइटी कायद्यात वेतन म्हणजे मूळ आणि महागाई एवढंच होतं. संहितेत रिटेनिंग अलाउन्स वेतनात नावानिशी आला आहे. तिसरं म्हणजे खरा खड्डा. आपल्याकडची गाळपं बऱ्याचदा मार्चच्या आत आटोपतात. ३१ मार्चचं पगारपत्रक जसंच्या तसं पाठवलं तर हंगामी माणसाच्या नावापुढे पूर्ण पगाराऐवजी फक्त रिटेनिंगची रक्कम दिसते, आणि ॲक्च्युअरी तीच शेवटचा पगार समजून चालतो. देणं एकदम खाली येतं, संचालक खूश होतात, आणि पुढच्या वर्षी जानेवारीत नवा तक्ता गेला की तोच आकडा उसळतो. म्हणून हंगामी माणसाचा हंगामातला शेवटच्या पूर्ण महिन्याचा पगार एका रकान्यात आणि रिटेनिंग दुसऱ्या रकान्यात द्या.

आणि करारात कायद्यापेक्षा जास्त ग्रॅच्युइटी मान्य केली असेल, तर करारातली धरायची. कायदा हा तळ आहे. कराराची प्रत तक्त्यासोबत जायलाच हवी.

कृष्णाकाठ_हिशोब

हे पटलं. मुदतीच्या पोरांचं सांगा. अकरा-अकरा महिन्यांचे करार आहेत, मध्ये दोन दिवस तुटक.

पीयूसी_पद्धत

मुदतीच्या करारावर थेट नेमलेल्या माणसाला आता पाच वर्षांची अट नाही. वर्षभर सेवा झाली की ग्रॅच्युइटी, सेवेच्या प्रमाणात. इतरांना पाच वर्षांची अट आहे तशीच. मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर तीही नाही. ठेकेदाराची माणसं या मुदतीच्या व्याख्येत येत नाहीत, त्यांचा मालक ठेकेदार.

अकरा महिने आणि दोन दिवस तुटक दाखवली म्हणून देणं शून्य धरू नका. तेच काम, तोच माणूस, तोच विभाग असेल तर ती तुटक टिकेलच असं गृहीत धरून ताळेबंद बांधणं जोखमीचं आहे. तक्त्यात पहिल्या नेमणुकीची तारीख, प्रत्येक कराराची सुरुवात आणि शेवट, आणि नूतनीकरण होतंय का ते लिहा. कितपत धरायचं ते ॲक्च्युअरी आणि लेखापरीक्षक तुमच्याशी बोलून ठरवतील.

व्हॅल्युएशनच्या दृष्टीने ही माणसं वेगळ्या गटात का घालायची? कायम गटाला नोकरी सोडण्याचा दर लावतो तेव्हा पाच वर्षांच्या आत सोडणाऱ्याचं देणं गळून पडतं. तोच दर मुदतीच्या गटाला लावला तर जे देणं पक्कं आहे तेही गळतं.

सांगलीचा_सांख्यिक

गृहीतकांवर कुणीच बोलत नाही म्हणून एक माणूस कागदावर मांडतो.

वय ४५, सेवा १५ वर्षं, वेतन २०,०००, निवृत्ती ६० ला. पगारवाढ ६ टक्के धरली तर निवृत्तीच्या वेळचं वेतन साधारण ४७,९३१. आतापर्यंतच्या १५ वर्षांवरची ग्रॅच्युइटी त्या वेतनावर ४,१४,७८७. ती ६.६ टक्के दराने १५ वर्षं मागे आणली की आजचं देणं १,५९,०००. मृत्यू आणि राजीनामे इथे बाजूला ठेवलेत, नाहीतर आकडे हातावर करता येत नाहीत. प्रोजेक्टेड युनिट क्रेडिट पद्धत म्हणतात ती मुळात एवढीच.

आता फक्त पगारवाढ बदला. ४ टक्के धरली तर देणं १,१९,५००. ८ टक्के धरली तर २,१०,५००. माणूस तोच, कायदा तोच. ‘आज सगळे निघून गेले तर’ या हिशोबाने तेच देणं १,७३,०७७ येतं, म्हणजे कमी पगारवाढ दाखवली की ॲक्च्युअरीचा आकडा सरळ गुणाकारापेक्षाही खाली जातो. तसं झालं तर अहवाल कपाटात टाकण्याआधी गृहीतकांचं पान वाचा.

व्याजाचा दर हवा तो लावता येत नाही. लेखा मानक १५ (कर्मचाऱ्यांच्या लाभांचा हिशोब कसा करायचा ते सांगणारं) नुसार तो सरकारी रोख्यांच्या परताव्यावरून, देण्याच्या मुदतीशी जुळवून घ्यायचा. ३१ मार्च २०२४ ला दहा वर्षांच्या रोख्याचा परतावा ७.१ च्या आसपास होता, ३१ मार्च २०२५ ला ६.६ च्या आसपास. देण्याची सरासरी मुदत आठ वर्षांची असेल तर अर्धा टक्का उतरला की देणं चारेक टक्क्यांनी वाढतं. संहिता नसती तरी वाढलंच असतं. म्हणून वर्षावर्षांची तुलना करताना वाढ कशामुळे झाली त्याची फोड मागायची: दर, पगार, माणसं, कायदा, चारही वेगळे.

मृत्यूदर बहुतेक अहवालांत भारतीय विमाधारकांच्या २०१२–१४ च्या तक्त्यावरून असतो. त्यावर वाद घालण्यात वेळ घालवू नका, ग्रॅच्युइटीत त्याने फार फरक पडत नाही.

कुपवाड_फौंड्री

पगारवाढ किती धरायची ते ॲक्च्युअरी ठरवतो ना? मग आमचा काय संबंध?

सांगलीचा_सांख्यिक

संबंध तुमचाच. गृहीतकांची जबाबदारी व्यवस्थापनाची, ॲक्च्युअरी सल्ला देतो आणि न पटणारं गृहीतक असेल तर अहवालात तसं नोंदवतो. साखर कारखान्यात पगार दरवर्षी सरळ रेषेत चढत नाही. वार्षिक वाढ लहान, आणि नवा करार झाला की एकदम उडी, फरकासकट. वार्षिक वाढीचा दर तेवढा धरला आणि करारातली उडी विसरली, तर कराराच्या वर्षी मोठा तोटा अंगावर येतो. मागच्या दोन करारांतली वाढ वर्षांवर पसरवून सरासरी काढा आणि ती संख्या टिपणासह पाठवा.

सहकार_ऑडिट_मिरज

हिशोबात नोंद कशी, तेही घ्या. नव्या व्याख्येमुळे मागच्या सेवेवरचं देणं वाढलं, तर ती योजनेतली दुरुस्ती, म्हणजे मागील सेवेचा खर्च. व्याज किंवा माणसं बदलल्याने होणारा नफा-तोटा तो वेगळा. सनदी लेखापाल संस्थेने संहितांवर काढलेल्या प्रश्नोत्तरांत हीच भूमिका आहे.

कारखाना, बँक, दूध संघ लेखा मानक १५ वर चालतात. तिथे ज्यांची पाच वर्षं झालीत त्यांच्या वाट्याची वाढ लगेच नफा-तोट्यात जाते, ज्यांची झालेली नाहीत त्यांची वाढ हक्क पक्का होईपर्यंतच्या सरासरी काळावर समान पसरायची. एमआयडीसीतल्या इंड एएस (आंतरराष्ट्रीय धर्तीची लेखा मानकं) वाल्या कंपन्यांना पसरवायची मुभा नाही, सगळं लगेच. आणि त्यांच्याकडे ही फोड जास्त महत्त्वाची, कारण ॲक्च्युअरिअल नफा-तोटा इतर सर्वसमावेशक उत्पन्नात (नफा-तोट्याच्या आकड्याबाहेर) जातो आणि मागील सेवेचा खर्च थेट नफा-तोट्यात. दोन्ही एका ओळीत आले तर ताळेबंद परत येतो.

म्हणून ॲक्च्युअरीला कामाच्या पत्रातच लिहा: २१ नोव्हेंबर २०२५ रोजी जुन्या आणि नव्या व्याख्येवर दोन वेळा गणित हवं. मागाहून मागितलं तर नव्याने फी.

सरासरी ५० पेक्षा कमी कर्मचारी असलेल्या लहान संस्थांना, बँका सोडून, प्रोजेक्टेड युनिट क्रेडिट पद्धतीतून सूट आहे; वर्षअखेरीस सगळ्यांना द्यावं लागलं तर किती, असा सोपा हिशोब चालतो. सहकारी बँकांना आकार कितीही लहान असला तरी ही सूट नाही.

रजा_रोखीकरण

रजेबद्दल थोडक्यात. व्यावसायिक सुरक्षा संहितेत भरपगारी रजेसाठी २४० ऐवजी १८० दिवस काम पुरे, ३० दिवसांपर्यंत रजा पुढे नेता येते आणि त्यावरची कामगाराला रोखीत मागता येते. ही जादा रजा पुढच्या वर्षातच पैशांत निघणार, म्हणजे तो भाग अल्पकालीन देणं. रजेचा तक्ता पाठवताना ३० च्या आतली आणि वरची शिल्लक वेगळी दाखवा. ही संहितेतली सोय कामगारांसाठी आहे. ऑफिसर वर्गाला संस्थेचे स्वतःचे नियम लागतील.

पीयूसी_पद्धत

तिसरा प्रश्न राहिला. विमा कंपनीची हप्त्याची नोटीस ही निधीत किती भरायचं याचा हिशोब आहे. त्यातली पगारवाढ, सोडून जाण्याचे दर, व्याज तिच्या ठरलेल्या साच्यातले असू शकतात, तुमच्या करारातले नाहीत. ताळेबंदाला हवं ते एकूण देणं, वजा निधीची ३१ मार्चची बाजारभावाची किंमत. निधीची किंमत विमा कंपनीकडून पत्राने मागवा, त्यात वर्षभरातलं व्याज, भरलेला हप्ता आणि दिलेले दावे वेगळे लिहून. दावे तुमच्या वहीतल्या दाव्यांशी जुळले नाहीत तर तिथेच थांबून जुळवा. निवृत्त माणसाला संस्थेने आधी पैसे दिले आणि विमा कंपनीकडून नंतर घेतले, ही नेहमीची तफावत.

विमा कंपनीने लेखा मानक १५ चा अहवाल दिला तरी चालतो, पण सही कुणाची ते बघा. ॲक्च्युअरीज कायदा २००६ खाली भारतीय ॲक्च्युअरी संस्थेचा फेलो आणि प्रॅक्टिसचं चालू प्रमाणपत्र असलेलाच हे प्रमाणित करू शकतो. संस्थेच्या संकेतस्थळावर सदस्य शोधता येतो.

सामाजिक सुरक्षा संहितेच्या कलम ५७ मध्ये ग्रॅच्युइटीचा विमा सक्तीचा करायची तरतूद आहे, पण तिची तारीख संबंधित सरकारने अधिसूचनेने ठरवायची. ५०० किंवा जास्त माणसं असतील तर मान्यताप्राप्त निधीचा पर्यायही त्याच कलमात आहे. तुमची गटयोजना आधीच असल्याने घाबरण्यासारखं काही नाही.

तासगाव_लेखनिक

ग्रॅच्युइटीची कमाल मर्यादा २५ लाख झाली म्हणतात, ते खरं का? आणि ॲक्च्युअरी व्हायला कोणती परीक्षा द्यायची, भाच्याला सांगायचंय.

हंगाम_नि_हिशोब

२५ लाख ही केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांची, १ जानेवारी २०२४ पासूनची. कारखाना, बँक, कंपनी यांना २० लाखच, मार्च २०१८ पासून. ३० वर्षं सेवा असेल तर ती मर्यादा लागायला शेवटचं वेतन १,१५,५५६ च्या वर हवं, त्यामुळे कारखान्यात कार्यकारी संचालक आणि एखाददुसरा खातेप्रमुख सोडला तर कुणाला लागत नाही. परीक्षेसाठी वेगळा धागा काढा राव, इथे तक्त्याचं चाललंय.

कृष्णाकाठ_हिशोब

चौथा प्रश्न तेवढा. रकाने सांगा कुणीतरी.

सहकार_ऑडिट_मिरज

एक्सेलमध्ये एका माणसाला एक ओळ: कर्मचारी क्रमांक, जन्मतारीख, पहिल्या नेमणुकीची तारीख, गट (कायम, हंगामी, मुदतीचा), मूळ, महागाई, रिटेनिंग, वगळलेले भत्ते एकेका रकान्यात, मालकाचा पीएफ, निवृत्तीचं वय, हंगामांची संख्या, रजा शिल्लक. नाव लागत नाही, पाठवूही नका. दुसऱ्या पानावर वर्षभरात गेलेले: तारीख, कारण, दिलेली रक्कम.

पाठवण्याआधी तीन तपासण्या. मागच्या वर्षीची संख्या + नवे – गेलेले = या वर्षीची संख्या. जन्मतारीख आणि नेमणुकीत १४ पेक्षा कमी वर्षांचं अंतर कुठे दिसतंय का. जुन्या लोकांच्या शाळेच्या दाखल्यावरची आणि पीएफवरची जन्मतारीख वेगळी असते, एक ठरवून तीच कायम ठेवा. आणि निवृत्तीचं वय ओलांडूनही यादीत असलेली माणसं: मुदतवाढ आहे की नाव काढायचं राहून गेलं?

तारखेचा रकाना मजकूर म्हणून जातो तेव्हा ०५/०३ चं मार्च की मे हा घोळ होतो. महिना अक्षरात लिहा.

पीयूसी_पद्धत

भर: आयकरात नुसती तरतूद खर्च म्हणून मिळत नाही, मान्यताप्राप्त निधीत भरलेली वर्गणी मिळते. रजेचं प्रत्यक्ष दिल्यावरच. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू होतोय, कलमांचे आकडे बदलतील, तेव्हा टिपणीत जुने कलम क्रमांक छापू नका.

कृष्णाकाठ_हिशोब

वेळ किती धरू? लेखापरीक्षण जुलैअखेर, सभा सप्टेंबरअखेर.

सांगलीचा_सांख्यिक

तक्ता एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात द्या. ॲक्च्युअरीचे प्रश्न आठवड्यात येतात, उत्तरं द्यायला कारखान्यांना महिना लागतो, कारण हंगामी हजेरी शेतकी विभागात आणि पगार टाइम ऑफिसात. दोन्हीकडचा एकेक माणूस आत्ताच नेमून ठेवा. मसुदा आला की आधी माणसांची संख्या आणि एकूण मासिक वेतन तुमच्या पगारपत्रकाशी ताडून बघा, बाकीचं नंतर. आणि त्रिपक्षीय कराराची प्रत सगळ्या परिशिष्टांसह स्कॅन करा. हंगामी कामगारांची ग्रॅच्युइटी बऱ्याचदा परिशिष्टातच असते.